सोळा कामट्यांची टोपली

“नाना, तुमची नात माझ्या वर्गात तोंड का उघडत नाही?”

केरबानाना बांबू चिरत होते. वय सत्तरीच्या पुढे, जन्म टोपल्या विणण्यात गेलेला. त्यांनी मान वर केली नाही.

देवळे गुरुजी भर उन्हात तणतणत आले होते. गणित-विज्ञानाचे मास्तर, परीक्षेत जिल्ह्यात पहिले. हे कोणाला ठाऊक नसेल, तर ते स्वतःच सांगायचे.

“उद्यापासून शाळेत येणार नाही, असं पोरींना म्हणाली कौशी! इथं तर दिवसभर बडबडते म्हणे.”

“तुम्ही वर्गात काय करता?”

“समजावून सांगतो. इतकं स्वच्छ, की एकाही पोराला शंका उरत नाही.”

“अरे वा!”

…

नानांनी बांबूच्या चिरलेल्या कामट्यांची जुडी पुढे सारली.

“कौशीचं मग बघू. आधी एक टोपली विणा.”

“मी?”

“त्यात काय! ही पातळ पट्टी एका कामटीच्या पुढून घ्यायची, दुसरीच्या मागून. तसंच गोल गोल फिरायचं.”

आठ वर्षांची कौशी खांबाआडून बघत होती. तीही चार कामट्या उचलून गुपचूप विणायला बसली.

गुरुजींनी आठ कामट्या एकमेकींवर फुलीसारख्या मांडल्या, टोकं वर वळवली. सोळा टोकं, चारी बाजूंना सारखी. स्वतःच्या कामावर ते खूश झाले.

नानांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा बांबू चिरायला घेतला.

दहा फेरे झाले. गुरुजींनी ऐटीत टोपली उचलली... आणि सगळ्या पट्ट्या घसरून मांडीवर आल्या.

“असं कसं?”

नानांनी दुसरा बांबू ओढला.

“अहो नाना, असं कसं झालं?”

…

गुरुजींनी पुन्हा विणली, दात-ओठ खाऊन. पुन्हा सुटली. आता मात्र ते इरेला पेटले. आपण कशाला आलो होतो, हेही विसरले. नाक कामट्यांना लागेल इतके वाकले.

“हिच्या पुढून गेली... दुसऱ्या फेरीलाही हिच्याच पुढून! हिला मागून कोणी धरतच नाही!”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग एक टोक मधोमध उभं चिरलं. सोळाची सतरा झाली.

पट्टी फिरली. पहिल्या फेरीला जिच्या पुढून गेली, दुसऱ्या फेरीला तिच्याच मागून. टोपली हातात गच्च बसली.

“सतरा! नाना, सतरा! विषम हवी होती!” गुरुजी उड्या मारायचेच बाकी होते. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“साठ वर्षं.”

“मग सांगितलं का नाही?”

नाना नुसते हसले.

“गुरुजी...”

कौशी होती. वर्षभरात ती पहिल्यांदा त्यांच्याशी आपणहून बोलत होती. तिचे डोळे त्यांच्या टोपलीवर खिळलेले.

“मघाशी दोनदा सुटली, मग आता का नाही सुटली?”

गुरुजींना भरून आलं. या एका प्रश्नासाठी तर ते उन्हातून आले होते! त्यांनी तिच्या हातातल्या टोपलीकडे पाहिलं. चार कामट्या, आठ टोकं. उत्तर त्यांच्या जिभेवर आलं...

नानांनी आपला खरखरीत तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला.

“थांबा, गुरुजी. तिची अजून सुटायची आहे.”