पाटीनं हो म्हटलं नाही

वस्तू आपसात बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. एका बालवाडीच्या कपाटात नवा टॅबलेट आला. दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी तो सगळ्यांना दाखवायचा होता. खोक्यावर लिहिलं होतं, 'असं याआधी कधीच नव्हतं!'

कपाट म्हणालं, "पाटीताई, तू इथली सगळ्यांत जुनी. हे खरं आहे म्हण, म्हणजे पूजेत तुझी जागा राहील. नाहीतर माळ्यावर जाशील."

"जाईन की! खोटं नाही बोलणार. काय रे, तुझ्यात नवीन काय?"

टॅबलेट ऐटीत म्हणाला, "माझ्यावर लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात."

"मग मी इतकी वर्षं काय पोळ्या लाटत होते?"

खडूसुद्धा फिदीफिदी हसले.

तेवढ्यात छोटी रेवू चाचपडत आली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. पाटीवरून तिनं खूपदा बोट फिरवलं होतं, पण अक्षर कधी कळलं नव्हतं. आज बोट टॅबलेटवर पडलं आणि तो बोलला, "अ."

रेवू दचकली. मग ओरडली, "अ!"

"आता?" कपाटानं विचारलं.

पाटी ताठच होती. "हे नवं आहे. मला कधी जमलं नाही. खोक्यावर एवढंच लिहा आणि बाकीचं पुसून टाका. फडकं माझ्याकडे आहे."