झुंबरची पिपाणी

एका गावात एक भोळा होता. तसे ढवळटेकात भोळे बरेच होते, पण पगारी भोळा एकच. त्याचं नाव झुंबर.

झुंबर 'आपला आरसा' या केबल चॅनेलवर कॅमेरा धरायचा. चॅनेल म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. तिथून दर रविवारी संध्याकाळी 'तोंडावर' हा कार्यक्रम थेट दिसायचा. तो करायच्या शालनताई. अकरा वर्षं ताई त्या खुर्चीत बसून भल्याभल्यांना प्रश्न विचारत होत्या. तालुक्यातली माणसं जेवणं लवकर उरकून तो बघायची, आणि ज्याच्यावर कार्यक्रम व्हायचा तो जेवायचाच नाही. इतर दिवशी झुंबर कॅमेरा घेऊन लग्नं-बारशी शूट करत फिरायचा. त्याला दुसरीकडे कुणी कामावर ठेवलं नव्हतं. ताईंनी ठेवलं. म्हणून ताईंचा शब्द त्याला देवाचा शब्द.

एका रविवारी ताई सहज बोलून गेल्या, "आपल्या सभापतींनी एकाच रस्त्याचा नारळ चारदा फोडला. नारळ संपले, रस्ता काही झाला नाही."

तालुका हसला. सभापती दौलतराव ढेकळे हसले नाहीत.

सोमवारी सकाळी त्यांची माणसं गिरणीसमोर घोषणा द्यायला लागली. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! माफी मागा!" दळणाच्या रांगेत दोन तट पडले. एक म्हणे, बोलायचा हक्क आहे. दुसरा म्हणे, हक्क आहे म्हणून काय कुणालाही काहीही बोलायचं? तिसऱ्याला फक्त दळण हवं होतं, त्याचं कुणी ऐकेना.

चॅनेलचे मालक किसनशेठ घामाघूम होऊन वर आले. "ताई, येत्या रविवारी माफी मागा. नाही तर कार्यक्रम बंद, खोलीला कुलूप. मला धंदा करायचाय."

ताई कडाडल्या, "खाई त्याला खवखवे! मी का माफी मागू? झुंबर, तूही ऐकून ठेव. मनात आहे ते माणसानं तोंडावर बोलावं. भ्यायचं नाही. घटनेनं दिलेला हक्क आहे."

झुंबरनं मान डोलावली. धडा पक्का झाला.

त्याच दुपारी त्याच्या मामेभावासाठी मुलगी बघायला जायचं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे वडील अदबीनं म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"इचारायचं न्हाई, सांगायचंय," झुंबर म्हणाला. "पोहं खारट झाल्यात. आन् नवरदेवानं सकाळी केस काळं केल्यात. अजून वलं हायत. ही कॉलर बघा."

सगळ्यांनी कॉलर बघितली. लग्न मोडलं. मामानं झुंबरला अंगणात घेतला आणि तिथून थेट रस्त्यावर.

झुंबर पाठ चोळत ताईंकडे आला. "ताई, तुमीच म्हनला व्हता, तोंडावर बोलायचं."

"अरे देवा! ते कार्यक्रमात!" ताईंनी कपाळाला हात लावला. मग त्या जरा नरमल्या, कारण सकाळपासून त्यांनाही पंधरा फोन येऊन गेले होते. "हे बघ, आपण जरा सांभाळून राहावं. कुणीही काहीही बोललं की लगेच सांगून टाकायचं, 'या मताशी चॅनेल सहमत असेलच असं नाही.' मग कुणी आपल्याला धरत नाही."

झुंबरनं मान डोलावली. धडा पक्का झाला.

मंगळवारी सुताराच्या घरी बारसं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या. आत्याबाई वाकल्या, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "बाळाचं नाव ठेवलं शौनक!"

कॅमेऱ्यामागून आवाज आला, "या मताशी चॅनेल सहमत असंलच असं न्हाई!"

बारशाला नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. त्या दिवशी आत्याबाई सुटल्या. सगळे धपाटे झुंबरला मिळाले, आणि आत्याबाईंनी स्वतःही दोन घातले.

"अरे, बाळाच्या नावावर कसली असहमती!" ताई म्हणाल्या. त्यांच्यासमोर कोरा कागद होता आणि त्यावर 'माफी' एवढंच लिहून खोडलं होतं. "आपण मत द्यायचंच कशाला? आपण फक्त विचारायचं. एका बाजूचं बोलून झालं की दुसरी बाजू कोण मांडणार, असं विचारायचं. दोन्ही बाजू आल्या की कुणाची तक्रार राहत नाही."

बुधवारी हिरामण आण्णांची शोकसभा होती. आण्णा ऐंशी वर्षांचे होऊन गेले होते. सरपंच म्हणाले, आण्णा देवमाणूस. चेअरमन म्हणाले, आण्णांनी कधी कुणाला दुखावलं नाही. शाळेचे हेडमास्तर बोलताना इतके गहिवरले की त्यांना खाली बसवावं लागलं.

झुंबरनं हात वर केला. "ही एक बाजू झाली. दुसरी बाजू कोन मांडनार?"

मंडपातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग आण्णांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, डोळे पुसले. पदर खोचला. उठून उभ्या राहिल्या.

"मी मांडते," त्या म्हणाल्या.

चाळीस मिनिटं मांडली. मधे एकदा पाणी प्यायल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गेल्या साठ वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सभा संपल्यावर आण्णांच्या मुलांनी कॅमेऱ्याचा स्टँड उपसला आणि झुंबरला ओढ्यापर्यंत पळवला. सोनाबाई मात्र ओट्यावरून ओरडत होत्या, "त्याला मारू नका रे, गुणाचा हाय!"

गुरुवारी ताई रागावल्याही नाहीत. नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या. सभापतींच्या कचेरीतून माफीचा मजकूर छापूनच आला होता, तो त्यांच्या मांडीवर पडला होता.

"काही गोष्टी झाकाव्याच लागतात, बाबा," त्या म्हणाल्या. त्यांनी खणातून जत्रेतली लाल पिपाणी काढली. मोठ्या चॅनेलवर कुणी वंगाळ बोललं की यंत्र आवाज करून तो शब्द झाकतं. 'आपला आरसा'कडे यंत्र नव्हतं, पिपाणी होती. "ही यापुढं तूच वाजव. जो शब्द आला की माणसाला लाज वाटते, तिथं पीऽऽप करायचं. शब्द ऐकूच आला नाही, तर कुणी चिडणार कसं?"

झुंबरनं मान डोलावली. पिपाणी खिशात घातली. धडा पक्का झाला.

शुक्रवारी लग्न होतं. जेवणाच्या पंगती बसल्या आणि बायकांनी नवरीला घेरलं. "नाव घे! नाव घे!" नवरी लाजून चूर. मान खाली, कान लाल. झुंबरनं ते बघितलं आणि पिपाणी ओठाला लावून तयार राहिला.

नवरी म्हणाली, "पाटावरची शेवई उन्हात वाळवली..."

"पीऽऽप"

"...रावांशी लग्न केलं, आईची आज्ञा पाळली."

"कुणाशी गं?" सासूबाई म्हणाल्या.

नवरी आणखी लाजली. पुन्हा म्हणाली. पुन्हा पीऽऽप. तिसऱ्यांदाही पीऽऽप. नवरदेवाच्या हातातला जिलबीचा घास तसाच राहिला. "माझंच नाव घेतलंस ना?" तो म्हणाला. नवरी रडायला लागली, व्याही उठून उभे राहिले, आणि झुंबर पंगतीवरून उडी मारून पळाला. एक पाय बासुंदीत पडला, तेवढंच त्याला बासुंदीचं सुख.

"नवऱ्याचं नाव झाकतात होय रे?" ताई ओरडल्या. सोमवारनंतर पहिल्यांदाच त्यांना जुना आवाज फुटला. "ज्या शब्दानं भांडण पेटलं, तो शब्द झाकायचा! तेवढाच! दुसरा कुठलाही नाही!"

"तेवढाच," झुंबर म्हणाला.

शनिवारी त्यानं गिरणीच्या पायरीवर बसून नीट विचार केला. भांडण कोणत्या शब्दांनी पेटलं? त्यानं बोटांवर मोजलं. सभापती. नारळ. रस्ता. तीनच शब्द. त्याला फार हलकं वाटलं.

रविवार आला. खाली सभापतींची माणसं, दारात किसनशेठ हातात कुलूप घेऊन. ताई खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांत त्यांनी कधी कागद बघून वाचलं नव्हतं, आज कागद हातात होता. ताईंच्या तोंडून आज भांडणाचा एकही शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं झुंबरनं ठरवलं. एका हातानं कॅमेरा धरला, दुसऱ्या हातानं पिपाणी.

ताई मान खाली घालून घडाघडा वाचायला लागल्या. एकदाचं संपावं म्हणून त्या कुठंही थांबल्या नाहीत. घराघरांत ऐकू आलं ते असं:

"गेल्या रविवारी मी आदरणीय पीऽऽप यांच्याविषयी नको ते बोलले. पीऽऽप यांनी चारदा पीऽऽप फोडला, हे खरं आहे. पण पीऽऽप फोडणं हे शुभकार्य आहे. तो त्यांनी सर्वांसमोर फोडला, आणि यापुढंही फोडतील. राहिला प्रश्न पीऽऽपचा. पीऽऽप व्हायचा तेव्हा होईल. पीऽऽप यांनी तो मनावर घेतला आहे."

मग तालुक्यात रिकाम्या जागा भरायला सुरुवात झाली.

"पेपर फोडला!" दहावीच्या पोरांचे बाप म्हणाले.

"बांध फोडला!" खालच्या आळीचे शेतकरी म्हणाले. "तरीच आमच्यात पानी शिरलं!"

"पक्ष फोडला," जिल्ह्याच्या गावाला बसलेले पक्षाचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. "चारदा? आम्हाला एकदाच माहीत होतं."

आज्यांनी नातवंडांचे कान झाकले, तेव्हा नातवंडांना कळलं की यात काहीतरी ऐकण्यासारखं आहे.

सभापती घरी जेवायला बसले होते. माफी ऐकत ऐकत आमरस खायचा, असा बेत होता. सौभाग्यवतींनी वाटी त्यांच्यासमोरून उचलली. "काय व्हायचा तेव्हा होईल? काय मनावर घेतलंय तुम्ही? घटस्फोट?"

सभापती उष्ट्या हातानं उठले. अनवाणी धावत गिरणीचा जिना चढले, किसनशेठना ढकललं आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. कोपरापर्यंत आमरस ओघळत होता.

"बंद कर ती पिपानी!" ते गरजले. "मंडळी, ऐका! मी पेपर फोडला न्हाई, पक्ष फोडला न्हाई! मी नारळ फोडला! चारदा नारळ फोडला आन् रस्ता केला न्हाई! एवढंच केलंय मी! दुसरं काय बी केलं न्हाई!"

ताईंनी हातातल्या कागदाकडे बघितलं, सभापतींकडे बघितलं, आणि कागदाची हळूच घडी घातली. गेल्या रविवारी त्या जे बोलल्या होत्या, तेच सभापतींनी दुप्पट आवाजात सांगितलं होतं. आता माफी कुणी कुणाची मागायची? किसनशेठनी कुलूप खिशात घातलं. ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सभापतींचं समाधान मात्र झालं नव्हतं. त्यांनी झुंबरचा खांदा धरला. "रेकॉर्ड झालं का?"

"झालं, साहेब."

"नीट ऐक. तालुक्यातल्या एकूण एक मानसाच्या कानावर हे गेलं पाहिजे. एक मानूस राहिला तर तुझी नोकरी गेली."

झुंबरनं मान डोलावली. धडा पक्का झाला.

सोमवारी त्यानं तलाठ्याकडून मतदारयादी आणली, एक आवाजाचा डबा घेतला, त्यात सभापतींचं बोलणं भरलं आणि सायकलवर टांग मारली. तालुक्यात एकशे सात गावं. घरोघर जायचं, माणूस बाहेर बोलवायचा, डबा कानाला लावायचा, बटन दाबायचं, यादीत खूण करायची. झोपलेल्याला उठवून ऐकवलं. शेतातल्याला बांधावर गाठून ऐकवलं. हिरामण आण्णांचं नाव यादीतून अजून काढलं नव्हतं, त्यामुळं जरा पंचाईत झाली, पण सोनाबाई म्हणाल्या, त्यांच्या वाटचं मी ऐकते. चार महिने हे चाललं. दिवाळीपर्यंत पाळण्यातली पोरंही बोबड्या आवाजात म्हणायला लागली, "चारदा नारळ फोडला, रस्ता केला न्हाई."

आणि मग निवडणूक आली. सभापतींनी पाचवा नारळ काढला. या वेळी थेट मुंबईहून मंत्री बोलावले. मंडप, हार, सनई, दोन हजार माणूस. सभापतींनी नारळ उचलला, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत झुंबर व्यासपीठावर चढला. वाळला होता, चप्पल तुटली होती, पण चेहऱ्यावर काम पार पडल्याचा आनंद होता.

"साहेब," तो म्हणाला, "एकशे सात गावं झाली. समद्यास्नी ऐकवून यादी पुरी झाली. फकस्त तुमचंच नाव राहिलंय."

"कसली यादी?" मंत्रिमहोदय वाकून म्हणाले. "मलाही ऐकू दे की."

"तुमास्नी न्हाई ऐकवता येनार, साहेब," झुंबर हात जोडून म्हणाला. "तुमी आपल्या तालुक्यातलं न्हाई. साहेबांचा हुकूम हाय."

आणि मंत्र्यांना चुकूनही ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं सभापतींना हळूच पलीकडे वळवलं, माईकच्या बाजूला, डबा त्यांच्या कानाला लावला आणि बटन दाबलं.