तानूबाईचा सवाल

“...म्हणून इचारतो बाबा, कंडेन्सर माइक घेऊ का डायनॅमिक?”

कादरबाबा डफ शेकत होते. दर्ग्याच्या पायरीशी निखारे, निखाऱ्यांवर धरलेला डफ. त्यांनी तो थोडा फिरवला.

संग्राम उठला. परत बसला.

“एक माइक बारीकसारीक सगळं ओढतो. पाखरू, पंखा, शेजारणीची भांडी. दुसरा तोंडापुढचंच घेतो, पण तोंड चिकटवून गावं लागतंय.”

“तुला काय पायजे?”

“माझ्याबिगर दुसरं काय ऐकूच येऊ ने.”

“व्हय...?”

“आन् सॉफ्टवेअर! फुकटातलं हाय ते मधनंच बंद पडतंय. विकतचं घेतलं तर सूर बी सरळ करून देतंय. नवीन माणसानं काय घ्यावं, कोण धड सांगत न्हाई. ह्याला इचारलं तर हे, त्याला इचारलं तर ते...”

बाबांनी डफावर टिचकी मारली. कान दिला. परत निखाऱ्यावर धरला.

संग्रामचा गुडघा हलायला लागला. गप्प बसलेला माणूस त्याला सोसत नसे.

ह्याच बाबांकडे तो शाहिरी शिकला होता. कलगी आणि तुरा, असे शाहिरांचे दोन पक्ष. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने उभ्या उभ्या गाण्यातूनच जबाब द्यायचा. संग्राम तुऱ्याचा. गळा चांगला, मिजास गळ्याहून मोठी.

ती मिजास गेल्या जत्रेत उतरली. कलगीकडून तानूबाई उभी राहिली. बाजारात सुकट विकते, गाव ओरडून जागं करते, अशी बाई. तिने सवाल टाकला आणि ह्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“दम खा बाळा, मी बसते,” म्हणाली, आणि खरंच बसून पान लावायला लागली.

लोक हसले. तेवढ्यावर गडी घरात शिरला तो शिरला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्या, दार लावून घेतलं.

जबाब राहिला तर पुढच्या जत्रेत द्यायचा. नाही दिला तर फडात परत उभं राहायचं नाही. तिकडची रीत अशी आहे, आणि रीत बरोबर आहे.

“उद्या जत्रा हाय,” बाबा म्हणाले.

“मी न्हाई जाणार.”

“तानूबाईचा सांगावा आलाय. पोराला पाठवा म्हणती.”

“म्हणू दे. जबाब तयार हाय माझा. घरातच गायलोय. नीट माइक मिळाला की परत भरतो आन् देतो सोडून फोनवर. सगळं गाव ऐकंल, ती बी ऐकंल. उभं कशाला ऱ्हायला पायजे?”

“ऐकव.”

“हितं?”

दर्ग्याच्या जाळीपाशी बायांची रांगेतल्या नंबरावरून जुंपली होती. एकीचं पोर रडत होतं. कुणाची तरी बकरी फुलांच्या टोपलीत तोंड घालत होती.

“हितं न्हाई. आत चला.”

त्याने बाबांना मागच्या खोलीत नेलं. दार लावलं, खिडकी लावली. दाराखालच्या फटीत बाबांचीच गोधडी कोंबली. खोली लगेच तापली.

फोन वाजायला लागला. आधी डफ.

“डफ कुणाचा?”

“सॉफ्टवेअरातला. तयार मिळतोय. शेकायला नको, काय नको.”

“मागं झील धरणारे?”

“मीच. आवाजावर आवाज चढवलाय.”

मग बाईच्या गळ्यात गेल्या जत्रेतला तोच सवाल आला.

*नव्हती धरती, नव्हतं पाणी,*
*पहिला नाद ऐकला कुणी?*

“तानूबाई काय ही?”

“ती बी मीच. आवाज बारीक करता येतोय.”

“तिलाच बोलवायचं हुतंस.”

“तिला? ती मधीच दुसरा सवाल घालंल की!”

बाबा हसले. घाम पुसला.

आता संग्रामचा जबाब आला. स्वच्छ, सरळ, कुठे खरखर नाही.

*ज्याचा नाद त्यालाच कळला,*
*करणाऱ्यानं आपला ऐकला.*

पाठोपाठ टाळ्या. खूप टाळ्या.

“टाळ्या बी तयारच मिळत्यात,” संग्राम म्हणाला.

फोन थांबला.

खोलीत काहीच उरलं नाही. पाखरू नाही, भांडं नाही. त्याला हवं होतं तसं.

“कसं झालंय?”

...

“बाबा?”

...

“सांगा की! चुकलं कुठं? सूर हलला? शब्द पडला?”

“न्हाई.”

“जबाब चुकला?”

“जबाब बराबर हाय.”

“नक्की?”

“जग करणाऱ्यानंच नाद केला, त्यानंच ऐकला. दुसरं हुतं कोण?”

संग्रामने श्वास सोडला. आल्यापासून पहिल्यांदा त्याचा गुडघा थांबला.

“मग आता सांगा. कुठला घेऊ?”

बाबा उठले. पायाने गोधडी बाजूला केली आणि दार उघडलं.

सगळं एकदम आत आलं. भांडणाऱ्या बाया, रडणारं पोर, बकरीमागे धावणारी फुलवाली, तिच्या शिव्या. कुणीतरी “कादरबाबाऽ” म्हणून हाक मारत होतं, त्याला दुसरंच कुणी ओ देत होतं.

बाबा उंबऱ्यावर उभे राहिले. मान वळवून संग्रामकडे बघितलं.

“त्याचं त्यालाच ऐकू आलं हुतं... मग ही एवढी गर्दी त्यानं कशाला केली, लेका?”