रातकिड्यांचा उपवास

फार पूर्वी पुष्पवती नगरीत अजितसेन राजा गादीवर असताना बोधिसत्त्व किडे पाळणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. किड्यांचा कसला व्यापार, असे कुणालाही वाटेल. पण त्या काळी मोठ्या घरांतून सरडे आणि घोरपडी पाळायची हौस होती, आणि या प्राण्यांना खायला जिवंत किडेच लागतात. रातकिडे, नाकतोडे, कोंड्यातल्या अळ्या असे सगळे बोधिसत्त्वाच्या परसात मडक्यांतून वाढत. नगरातली बहुतेक घरे त्याच्याकडूनच नेत. राजवाडा तेवढा नेत नसे.

राजवाड्यात राणी सुनेत्रेची एक घोरपड होती. बागेत सापडली तेव्हा बोटाएवढी होती, आता हातभर झाली होती. राणीने तिचे नाव माणकी ठेवले होते. शेगडीजवळ तिची पेटी असे; तीतल्या दगडावर पोट टेकून ती पडून राही, आणि राणीच्या बांगड्या वाजल्या की मान वर करी. तिची देखभाल कुमुदी नावाची एक विधवा करी. माणकीसाठी लागणारे रातकिडे कुमुदी स्वतःच पैदा करी. मडक्यात ओली वाळू, वर कोंडा, ओलाव्याला भोपळ्याची फोड, आणि तोंडाला फडके.

राणी मोठी व्रतस्थ होती. पंधरवड्यात तिचा एक तरी उपवास असायचाच, आणि तो ती मनापासून करी.

त्या वर्षी माघात कडाक्याची थंडी पडली आणि माणकीने खाणे सोडले. तिचा रंग फिका पडला, डोळ्यांवर दुधासारखी साय आली. राणी घाबरली.

"काही झालं नाही, देवी," कुमुदी म्हणाली, "कात टाकतेय ती. अशा वेळी नाही खात. कात गळाली की आपणहून खाईल."

पण राणीच्या जिवाला चैन पडेना. तिने माणकीसाठी व्रत धरले. एक अख्खा दिवस अंतःपुरात कुणी धान्याला शिवायचे नाही, विस्तव पेटवायचा नाही. आणि त्या दिवशी तिने कुमुदीकडून रातकिड्यांचे एक मडके मागवून सगळेच्या सगळे माणकीच्या पेटीत रिकामे करवले. डोळ्यांसमोर हिंडताना दिसले की तिला खावेसे वाटेल, असा तिचा भाबडा विचार.

"न खाल्लेले किडे मी संध्याकाळी काढून घेते, देवी," कुमुदी म्हणाली.

"आज राहू देत."

"मग त्यांच्यापुरता कोंडा तरी टाकते आत. आणि शेगडी..."

"अगं कुमुदी, व्रत कुणाचं चाललंय? मी उपाशी, माझ्या दासी उपाशी, आणि रातकिड्यांनी तेवढं पंगतीला बसायचं?" राणी हसली. दासीही हसल्या. "घडू दे की त्यांनाही थोडं पुण्य."

मग राणीने पेटीच्या कडीला स्वतःच्या हाताने व्रताचा दोरा बांधला. सकाळी पारणे होईपर्यंत पेटी कुणी उघडायची नव्हती.

सकाळी स्नान करून, ओले केस पाठीवर सोडून, हातात फुलांची थाळी घेऊन राणी पेटीपाशी आली. गाठ सोडली. कडी काढली. आत वाकली आणि तशीच राहिली.

माणकीच्या शेपटीचे टोक नव्हते. पाठीवरची नवी, कोवळी कातडी खरवडल्यासारखी दिसत होती, आणि दगडावर रक्ताचे बारीक बारीक ठिपके पडले होते. एक डोळा सुजून मिटला होता. दुसरा उघडा होता आणि राणीकडे पाहत होता.

थाळी कधी हातातून सुटली ते राणीला कळलेच नाही. फरशीवर ती खणखणत फिरत राहिली, आणि तो आवाज कुठून येतो आहे हेसुद्धा तिच्या ध्यानात येईना.

दोरा तर जसाच्या तसा होता. गाठ तिनेच मारलेली, तिनेच सोडलेली. बाहेरून कुणी आलेले नव्हते. मग जे काही झाले ते आत ठेवलेल्या त्या किड्यांमुळेच.

"विष," राणी म्हणाली. "कुमुदीनं किड्यांना विष चारलं."

तो एक शब्द अंतःपुरातून बाहेर पडला आणि राणीच्या हातात राहिला नाही. दासींच्या तोंडून तो रक्षकांकडे गेला, रक्षकांकडून राजाकडे. कुमुदीला बांधून सभेत आणले. राणीही मागोमाग आली, माणकीला शालीत गुंडाळून छातीशी धरून.

"अंतःपुरात विष आणणाऱ्याला सूळ," राजा म्हणाला. "आज घोरपड, उद्या राणी. अशा बाबतीत मी दया करत नाही."

राणीला कुमुदीला चार शब्द बोलायचे होते, फार तर घरी पाठवायचे होते. सूळ?

"महाराज, एवढं... एवढं नको होतं मला."

"देवी, विष हा शब्द तुमचाच ना?"

बाहेरच्या पटांगणात माणसे सूळ रोवायला खड्डा खणू लागली होती. पहारीचा धप् धप् आवाज आत येत होता.

"विष नव्हतं," कुमुदी एवढेच म्हणाली.

"मग काय होतं? सांग ना गं!" राणीने जवळजवळ विनवले.

कुमुदीने तिच्याकडे पाहिले. पण भर सभेत राणीच्या व्रताचे नाव तिच्याने घेववेना. तिने मान खाली घातली.

राजाने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले. "श्रेष्ठी, किड्यांतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. या बाईच्या किड्यांत विष आहे की नाही ते सांगा. आणि हेही सांगतो, आजवर हिनं तुमच्याकडून एक नाकतोडा घेतला नाही. उद्यापासून राजवाड्याचं सगळं काम तुमच्याकडे."

'आहे' एवढ्या एका शब्दाचे काम होते. बोधिसत्त्वाने तो शब्द उच्चारला नाही. त्याने आधी शाल उघडून माणकीच्या जखमा पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. मग पेटी मागवली. उरलेले रातकिडे अजून तीत होते, कोपऱ्यांत दाटी करून बसलेले.

"देवी, काल यांना खायला काय होतं?"

"कुणाला? किड्यांना?" राणी गोंधळली. "काल व्रत होतं."

"ओलं काही? भोपळ्याची फोड?"

"काहीच नाही."

"आणि शेगडी?"

"सांगितलं ना, व्रत होतं."

बोधिसत्त्वाने उपरणे खांद्यावर सारले आणि आपला उजवा हात पेटीत घातला. पंजा दगडावर उपडा ठेवला आणि निश्चल बसला.

"श्रेष्ठी, हे काय आरंभलंत?" राजा हसत म्हणाला.

"थोडं थांबावं, महाराज."

आधी किडे पळाले. मग त्यांतला एक पुढे आला, मिशा हलवत. थंडीने बोधिसत्त्वाच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, कातडीचे पापुद्रे सुटले होते. किडा एका भेगेपाशी थांबला. दुसरा आला. मग बघता बघता हात दिसेनासा झाला. सभेत कुणी हलत नव्हते, म्हणून तो बारीक कुरतडण्याचा आवाज राणीला स्पष्ट ऐकू आला. बोटावर रक्ताचा एक थेंब फुगला आणि दगडावर पडला. तसाच ठिपका. सकाळी पाहिलेला, अगदी तसाच.

एक दासी किंचाळली. ज्यांना राणीने आजवर नुसते खाद्य म्हणून पाहिले होते, ते खात होते.

"काढा! अहो, हात काढा ना तो!" राणी ओरडली.

बोधिसत्त्वाने हात बाहेर घेतला. "माझा मला काढता आला, देवी. माणकी गारठलेली होती, अर्धी कात अंगावर होती. तिला हलताही येत नव्हतं. आणि दाराला दोरा होता."

राणीने शाल माणकीवर ओढली. "पण मी तर तिला आयुष्य मिळावं म्हणून..."

"मला ठाऊक आहे. उपवास तुम्ही मनानं धरला होता, म्हणून पोट रिकामं असूनही तुम्हाला शांत झोप लागली. या जिवांनी काही धरलं नव्हतं. त्यांना नुसती भूक लागली होती." त्याने बोटावरचे रक्त उपरण्याला पुसले. "यांना मरणाकडे धाडणं हा माझा धंदा आहे, देवी. मी कुणी पुण्यवान नाही. पण माझ्या दारातून एकही किडा उपाशी जात नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

"मग अपराधी कोण?" राजाने विचारले.

बोधिसत्त्वाने पेटीची कडी लावली. राणीकडे त्याने पाहिलेही नाही. बाहेर पहारीचा आवाज चालूच होता.

"महाराज," राणी म्हणाली, आणि सगळी सभा तिच्याकडे वळली, "दोरा मी बांधला. कोंडा मी थांबवला. कुमुदी सांगत होती आणि मी हसले. आधी तो खड्डा थांबवा. माझं काय करायचं ते मग ठरवा."

राजाने हात वर केला. रक्षक धावले, आणि पहारीचा आवाज थांबला. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली कुमुदी तेव्हा कुठे हुंदके देऊन रडली. राणीने पुढे होऊन तिच्या हातांच्या गाठी सोडल्या. शेवटची गाठ तिला सुटेना, तेव्हा कुमुदीलाच तिला मदत करावी लागली.

राजाने बोधिसत्त्वाला तेच काम पुन्हा देऊ केले. तो म्हणाला, "कोंडा टाकू का, असं विचारणारं माणूस तुमच्या घरात आहे. मी आणखी कशाला?"

माणकी जगली, एका डोळ्याची आणि आखूड शेपटीची.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. त्या दिवशी एक वृद्ध उपासिका पतीसोबत आपल्या गरोदर सुनेला दर्शनाला घेऊन आली होती, आणि नमस्काराला वाकताना ती पोर घेरी येऊन पडली. धडधाकट नातू व्हावा म्हणून सासूने तिला कडक उपास धरायला लावला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "उपासिके, तेव्हाचा अजितसेन राजा म्हणजे तुझ्यामागे उभे असलेले तुझे पती. कुमुदी म्हणजे ही तुझी सून. ती राणी तूच होतीस. आणि किड्यांचा तो व्यापारी मी होतो."

म्हातारीने तोंडावर पदर दाबला. मग तिने सुनेला भिंतीशी टेकवून बसवले, कुणाकडून तरी दूधभात मागून आणला आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.

"आत्याबाई, आज व्रत आहे ना?" सून कसेबसे म्हणाली.

"ते माझं गं बाई. तू जेव."

आपले पुण्य कुणाच्या पोटावर चालले आहे ते आधी पाहणारी जी करुणा, तीच बोधिसत्त्वाची प्रज्ञापारमिता, शहाणपणाची परिपूर्णता.