उमाक्कांचा बिब्बा

मुलांनो, डोळे मिटा आणि नदीकाठचे आसोली गाव डोळ्यांपुढे आणा. पिंपळाखाली मातीचा मठ, आणि त्यात वामनगिरी महाराज. भागू नावाची गरीब बाई रोज पहाटे तो मठ शेणाने सारवते आणि म्हणते, "महाराज, माझ्या सगुणेला सांभाळा."

एकदा तिच्या या लेकीच्या, सगुणेच्या हातावर बारीक पुटकुळ्या उठल्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. महाराज म्हणाले, "हात स्वच्छ ठेव, खरवडू देऊ नकोस. वाढल्या, ठणकल्या, तर वैद्यांकडे ने."

पण गावात कुणाला काही उठले की पाटलांच्या आई, उमाक्का, बिब्बा घेऊन हजर! पाणवठ्यावर सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "मठ सारवतेस, आणि पोरीच्या अंगावर पाप फुटतंय गं! जाळून टाकू." भागूला नाही म्हणवेना. उमाक्कांनी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला आणि त्याचे तापलेले तेल पुटकुळ्यांवर टेकवले. पोर किंचाळली.

बिब्बा उतला. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला, एक लाल रेघ दंडाकडे सरकू लागली. भागू वैद्यांकडे निघाली, तर उमाक्का हसल्या, "एवढाच का महाराजांवर भरवसा? अंगारा लाव की!" भागू ओशाळून परतली आणि अंगारा लावत बसली. सकाळी सगुणा आईलाही ओळखेना.

भागू रडत मठात धावली. महाराज ताडकन उठले. "अगं, वैद्य नको असं मी कधी म्हटलं? ताप आला, रेघ चढली, तेव्हाच निघायचं होतंस!"

वैद्य पैलतीरी, आणि रात्रीतून नदीला पूर आलेला. नावाडी होडी सोडेना. महाराजांनी पोरीला खांद्यावर घेतले आणि "नारायणा, वाट दे" म्हणत पाण्यात पाऊल टाकले. काय सांगू! झाडे उपटून नेणारे ते पाणी महाराजांच्या गुडघ्यावर चढलेच नाही. मागोमाग भागूही पार झाली.

वैद्यांनी जखम फोडून धुतली, औषध दिले. म्हणाले, "साध्या पुटकुळ्या होत्या, बाई. आपोआप गेल्या असत्या." सगुणा वाचली. तिची दोन बोटे मात्र कायमची वाकडी राहिली.

भागू सगुणेला घेऊन मठात बसली होती, तेव्हा उमाक्का येऊन महाराजांच्या पायांवर कोसळल्या. "महाराज, तेवढी बोटं सरळ करा हो!"

महाराज म्हणाले, "नदीनं ऐकलं, आक्का. जळालेलं ऐकत नाही. आणि माझे पाय कशाला धरता?"

उमाक्का वळल्या. त्यांचे पांढरे डोके सगुणेपुढे जमिनीला टेकले.

"असू दे म्हण गं आजीला," भागू पुटपुटली.

सगुणेने आपले पाय हळूच मागे ओढून घेतले.