सगुणाची न सोडलेली पुडी

एक होता येसबा परीट, एक त्याची बायको सगुणा, आणि एक राजाच्या मर्जीतले वैद्यबुवा. येसबाला उदासीनं धरलं. बुवांची गुटी वर्षभर खाऊनही तो अंथरुणातून उठेना.

बुवा दरबारात म्हणाले, "माझ्या गुटीनं शंभरच्या शंभर रोगी हसू लागले. हाच ढोंगी! राजवाड्याची धुणी दुसऱ्याला द्या."

"ते शंभर निवडले कसे, बुवा?" राजवाड्याच्या धुण्याचं गाठोडं घेऊन आलेल्या सगुणानं विचारलं.

"रीतसर! फार रडणारे, रात्र रात्र जागणारे, जुन्या दुखण्याचे, सगळे वगळून."

"महाराज, माझ्या रिठ्याच्या पुडीनंही कुठलाही कपडा लख्ख होतो. दाखवू?"

दरबाऱ्यांनी कपडे पुढे टाकले. सगुणा निवडू लागली. तेलाचा डाग, नको. हळदीचा, नको. पानाची पिंक पडलेलं बुवांचं उपरणं तर मुळीच नको! नुसत्या धुळीचे चार घेतले आणि झटकले.

"चारही स्वच्छ, महाराज!"

"अगं, पण पुडी तर तू सोडलीच नाहीस!" राजा म्हणाला.

"धुळीला कशाला लागते पुडी? बुवांचे शंभर असेच धुळीचे. आमच्या ह्यांना तेलाचा डाग आहे."

राजा खदखदून हसला. धुणी सगुणाकडेच राहिली, आणि गुण येईपर्यंत बुवांनी रोज येसबाच्या उशाशी बसायचं ठरलं. दिवाळीच्या तोंडावर येसबानं आपणहून गाठोडं उचललं, आणि घाटावर पुन्हा दोघांची धोपटणी वाजू लागली.