काळपावलीचं बीळ

माळाच्या कडेला कुसळवाडी नावाची इवलीशी वस्ती होती आणि वस्तीच्या अगदी टोकाला येसूचं घर होतं. घर कसलं, चार कुडाच्या भिंती आणि वर गवत. पण त्या भिंतींवर पांढरेशुभ्र मोर नाचत होते, गेरूच्या लालचुटूक वेली चढत होत्या. येसूची आई तानू भिंती रंगवायची. कुणाकडे लग्न ठरलं की तिला बोलावणं यायचं आणि परतताना ती पदरात ज्वारी बांधून आणायची.

मग आईला ताप आला. ताप गेला, पण जाताना हातांत थरथर ठेवून गेला. मोराची मान वाकडी व्हायला लागली, वेल विस्कटायला लागली. लोकांनी बोलावणं सोडलं. मडक्यातली ज्वारी उंदरांनी आधीच निम्मी संपवली होती, आता तळ दिसायला लागला.

"अशी बघू नकोस गं हाताकडे," आई म्हणायची आणि हात पदराखाली लपवायची. येसूला भुकेपेक्षा त्या लपवण्याचं जास्त वाईट वाटायचं.

येसू बोलायची कमी, बघायची फार. रोज संध्याकाळी ती माळावर पोटावर पडून काळपावलीची वाट बघायची. काळपावली म्हणजे बिळात राहणारा पिटुकला प्राणी. मुंगसासारखी लांबुडकी, दुधावरच्या सायीसारखी पिवळसर, चारही पाय मात्र काळे कुळकुळीत. आणि डोळ्यांवर काळी पट्टी, जणू आंधळी कोशिंबीर खेळताना कुणी बांधली आणि सोडायची राहून गेली! आधी बिळातून नाक यायचं, मग पट्टी, मग अख्खी काळपावली, आणि एकदा बाहेर आली की गवतात वेड्यावाकड्या उड्या. जरा पान हललं की सुळकन बिळात.

आई सांगायची, तिच्या लहानपणी माळभर काळपावल्या होत्या. येसूला दोनच ठाऊक होत्या. एकीचा कान चिरलेला, ती चिरकानी. दुसरी कापसासारखी मऊ, ती शेवरी. आणि काल संध्याकाळी चिरकानी बाहेर आलीच नाही. येसूने तिच्या बिळाच्या तोंडाशी हात धरला. आतून गार वारा येत होता, रिकाम्या घरातून येतो तसा.

सकाळी शेजारची भागीकाकू कुंपणावरून डोकावली.

"काय गं येसू, चूल पेटली नाही वाटतं आज? तुझ्या आईला सांगून सांगून दमले मी. ओढ्यापलीकडे परीची बाग आहे. सगळी वाडी जाते, तुम्हीच तेवढ्या शहाण्या!"

"तुम्ही काय मागितलंत, काकू?"

"कढई! कालच आणली. पिठलं खाली लागतच नाही बघ. रखमीने उंदीर शिरणार नाही अशी कणगी मागितली. उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय हल्ली." काकूने आवाज खाली आणला. "पाय तेवढे धुऊन जा हो. एका खेपेला एकच मागायचं, मोठ्याने मागायचं आणि मागताना भिंतीकडे पाठ करायची."

"का?"

"का म्हणजे? परी सांगते म्हणून. फुकट मिळतंय तर का कशाला विचारायचं?"

येसूने मनाशी ठरवलं. आईचे हात मागायचे, बस.

ऊन कलल्यावर ती निघाली. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसता काळा चिखल होता. त्यातून ती पलीकडे गेली, तेव्हा घोट्यापर्यंत तिचे पाय काळे झाले. पाय धुवायला झरा शोधावा म्हणून तिने मान वर केली आणि समोर शेवरी दिसली.

शेवरी उड्या मारत नव्हती. ती सरळ रेषेत चालत होती, कुणी न दिसणाऱ्या दोरीने ओढावं तशी. मध्येच पाय रोवून थांबायची, मागे वळायला बघायची आणि पुन्हा पुढे ओढली जायची.

"शेवरे! अगं, कुठे चाललीस?" येसू तिच्यामागे धावली. पाय धुवायचं राहूनच गेलं.

गवत संपलं आणि एकाएकी बाग आली. केवढी झगमग! जांभळी, केशरी, पोपटी फुलं, काचेच्या मण्यांसारखे दवबिंदू, चंदेरी फुलपाखरं. पण फुलं डोलत नव्हती. फुलपाखरं हवेत जिथल्या तिथे थांबली होती. येसूच्या पावलांचा आवाज येत नव्हता. आणि कशालाच सावली नव्हती. झाडाला नाही, दगडाला नाही. तिने खाली पाहिलं, तिच्या स्वतःच्याही पायाशी सावली नव्हती.

"आलीस, बाळ?"

कमळकळीएवढ्या नाजूक चेहऱ्याची परी तिच्यासमोर उभी होती. पंखांवर मोरपिशी चमचम, केसांत चांदण्यांची बारीक बारीक फुलं. आवाज मधासारखा गोड. पण येसूच्या पायांकडे नजर जाताच ती दचकून मागे सरली.

"माती! इथे माती आणायची नसते गं राणी."

"चुकलं," येसू ओशाळून म्हणाली. "मी शेवरीच्या मागे आले."

"असू दे. माग, काय हवं ते माग. फक्त तिकडे पाठ कर."

पण येसूने आधीच तिकडे पाहिलं होतं. बागेच्या टोकाला उंच पांढरी भिंत होती आणि भिंतीवर काळपावल्यांची चित्रं होती. किती सुंदर! आईलाही इतकी सुंदर जमली नसती. केसन्‌केस काढलेला, मिशांवर सोनेरी उजेड, मागे हिरवंगार गवत, निळं आभाळ. सगळ्याजणी मागच्या दोन पायांवर उभ्या होत्या. येसू डावीकडे सरकली, तेव्हा सगळ्यांचे डोळे डावीकडे वळले.

शेवटच्या चित्रापाशी ती थांबली. त्या काळपावलीचा कान चिरलेला होता.

"चिरकाने?" येसू पुटपुटली.

चित्रातली मिशी हलली.

चिरकानीच्या शेजारी भिंत कोरी होती, बरोबर एका काळपावलीपुरती. आणि त्या कोऱ्या जागेखाली शेवरी अंग चोरून थरथरत बसली होती.

"परीमावशी," येसूने विचारलं, "तुम्ही भागीकाकूची ती कढई कुठून आणलीत?"

परीचे पंख मिटले.

"इतक्या जणी आल्या, पण हे कुणी विचारलंच नाही," ती हळूच म्हणाली. "मागितलेलं कुठून तरी काढूनच द्यावं लागतं, बाळ. माझ्याजवळ माळाशिवाय काही नाही. एक मागणं आलं की एक काळपावली भिंतीवर जाते."

"मग नाही म्हणा ना!"

"मला नाही म्हणता येत नाही. पहिलं मागणं आलं तेव्हा मी झाले. मागण्याआधीची मी मला आठवतच नाही."

"मग त्या सगळ्यांना परत द्या. हेच माझं मागणं!"

"भिंतीवर गेलेलं मागता येत नाही. तो नियम माझ्याहून जुना आहे." परीने येसूच्या केसांवरून हात फिरवला. हात ओढ्याच्या तळच्या दगडासारखा गार होता. "तुझ्या आईचे हात ना? माग, राणी. ही शेवटची आहे. तू नाही मागितलंस तरी उद्या भागी येणारच आहे. तिला कढईवर झाकण हवंय."

येसूला पदराखाली लपलेले हात दिसले. रिकामं मडकं दिसलं. एकच वाक्य, आणि आई पुन्हा सरळ रेघ ओढेल. तिने तोंड उघडलं. शेवरीने तिच्याकडे पाहिलं. शेवरीच्या पोटात काहीतरी हललं. शेवरीला पिल्लं होणार होती.

येसूने तोंड मिटलं. तिला रडू आलं, आणि रडतारडताच ती भिंतीकडे बघत राहिली. तिला दुसरं येत काय होतं? बघता बघता तिच्या लक्षात आलं की चित्रात गवत आहे, आभाळ आहे, फुलंसुद्धा आहेत. पण कुठेच बीळ नाही.

काळपावली, आणि बीळ नाही? मग ती जाईल कुठे? म्हणूनच तर बिचाऱ्या नुसत्या उभ्या होत्या!

पण बीळ काढायला काळा रंग हवा. त्या झगमगत्या बागेत जगातले सगळे रंग होते, एक काळा तेवढा नव्हता. येसूने खाली वाकून आपल्या पायावरचा चिखल बोटावर घेतला.

"काय करतेस?" परीचा आवाज कापला.

"मागत नाहीये मी काही," येसू म्हणाली आणि चिरकानीच्या पायाशी तिने एक काळा गोल काढला.

बागेत पहिल्यांदा आवाज आला. सुळकन! चित्रातली चिरकानी त्या गोलात शिरली. भिंत तिथे कोरी झाली आणि दूर, माळाच्या बाजूने, ओळखीची चिरकी शीळ ऐकू आली.

मग येसू थांबलीच नाही. चिखल घ्यायचा, गोल काढायचा, पुढे सरकायचं. एका पायाचा संपला, तिने दुसऱ्या पायाचा घेतला. सुळकन, सुळकन, सुळकन! फुलपाखरं उडायला लागली. फुलं डोलली. झाडांच्या बुंध्याशी सावल्या हळूहळू पसरल्या. शेवटी येसूने शेवरीसाठी एक बीळ काढलं. शेवरी आत जाता जाता वळली, येसूचं बोट हुंगलं आणि दिसेनाशी झाली.

परी आता इतकी विरळ झाली होती की तिच्यातून पलीकडचं झाड दिसत होतं.

"परीमावशी! तुम्हाला दुखतंय का?"

"नाही गं. मोकळं वाटतंय," परी हसली. "येसू, मागितलेलं दुसऱ्याकडून काढावं लागतं. पण न मागता दिलेलं आपल्यातलंच असतं. माझ्यात उजेडाशिवाय काही नाही. तो तुला देते."

तिचे पंख, केसांतली चांदणफुलं, तो नाजूक चेहरा, सगळं सोनेरी होत गेलं आणि वाटीतून दूध ओतावं तसं माळभर सांडलं.

बाग नव्हती. भिंत नव्हती. येसू माळावर उभी होती. दिवस बुडून गेला होता, तरी गवताचं पातंन्‌पातं झळकत होतं. आई तिला शोधत धावत आली होती आणि वाटेतच थांबली होती. कारण बिळाबिळातून नाकं बाहेर येत होती, मग पट्ट्या, मग अख्ख्या काळपावल्या, आणि त्यांच्या वेड्यावाकड्या उड्यांनी सगळा माळ नाचत होता.

"आई," येसू म्हणाली, "मला तुझे हात मागायचे होते. पण मी मागितले नाहीत."

आईने तिला जवळ घेतलं. मग ती खाली बसली आणि समोरच्या सपाट मातीवर बोटाने रेघ ओढायला लागली. हात थरथरला. रेघ थरथरली. आणि त्या थरथरीतून मऊ, भुरभुरते केस उमटले. सरळ रेघेला असे केस कधी जमले नसते. ती काळपावली आता उडी मारेल की मग, असं वाटत होतं.

उजेड पाहून वाडीतली माणसं जमली. सगळ्यात पुढे भागीकाकू, हातात कढई. "अगं, माझं पिठलं लागलं की गं खाली! कुणी केलं हे?" एवढ्यात एक काळपावली तिच्या पायांवरून उडी मारून गेली, तोंडात एक भलाथोरला उंदीर. काकूचा आ वासलेलाच राहिला. मग तिने मातीवरचं चित्र पाहिलं आणि कढई खाली ठेवली.

"तानू," ती म्हणाली, "माझ्या दाराशी काढशील का गं अशी? सूपभर ज्वारी देईन."

"काढीन की," आई म्हणाली. तिने हात लपवला नाही.

मातीतल्या काळपावलीचे कान झाले, पट्टी झाली, पाय झाले. माळावरचा उजेड वाट बघत थांबला होता. आईने चित्राच्या पायाशी एक छोटंसं बीळ काढलं, तेव्हा तो हसल्यासारखा एकदा लखकन वाढला आणि विझला.